‘नको’ म्हणायची किंमत: वसईचा तह, दाभोळ आणि फ्रॅकिंगबंदी

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

विरार लोकलच्या दारात उभे राहून ऐकत असाल तर आधी जरा आत सरका, मग ऐका. आजचा विषय सुरुवातीला लांबचा वाटेल, पण आपली गाडी वसईला थांबणार आहे. एकदा नाही, दोनदा.

मागच्या भागानंतर नालासोपाऱ्याच्या एका श्रोत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न पाठवला. प्रश्न असा: “फ्रान्सने फ्रॅकिंगवर बंदी घातली. उद्या भारताने घातली, तर एखादी परदेशी कंपनी आपल्यावर केस करू शकते का? आपल्याच देशात, आपल्याच जमिनीबद्दल?”

मला वाटलं दोन ओळींत उत्तर देता येईल. मग वाचायला बसलो आणि दोन आठवडे गेले. कारण हा प्रश्न फक्त गॅसचा नाही. एखाद्या सरकारला ‘नको’ म्हणायचा हक्क असतो का, असला तर तो कधी हातातून जातो, असा तो प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला मला अमेरिकेपेक्षा वसई, डहाणू आणि गुहागर जास्त उपयोगी पडले.

आधी फ्रॅकिंग म्हणजे काय

आपल्या किनाऱ्यासमोर, अरबी समुद्रात, ओएनजीसीचं एक मोठं नैसर्गिक वायूचं क्षेत्र आहे. त्याचं नाव ‘बसीन’. म्हणजे इंग्रजांनी वसईला दिलेलं नाव. १९७६ मध्ये ते सापडलं. तिथला गॅस सच्छिद्र चुनखडीच्या खडकात आहे. विहीर खणली की तो स्वतःच्या दाबाने वर येतो.

शेल नावाचा खडक मात्र वेगळा. तो घट्ट. त्यात गॅस आहे, पण अडकून पडलेला. म्हणून खोलवर विहीर नेतात, ती खडकात आडवी वळवतात आणि प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि रसायनं आत सोडतात. खडकाला बारीक भेगा पडतात, वाळू त्या भेगा उघड्या ठेवते आणि गॅस सुटतो. हेच फ्रॅकिंग.

एका विहिरीला पाणी किती लागतं? खडक आणि विहिरीच्या लांबीप्रमाणे बदलतं, पण हिशेब लाखो ते कोट्यवधी लिटरचा आहे. वर आलेलं गढूळ, रसायनमिश्रित पाणी कुठे टाकायचं हा पुढचा प्रश्न. टँकरची वाट बघत ज्यांचं लहानपण गेलंय, त्या वसई-विरारकरांना हे आकडे वेगळे समजावून सांगायला नकोत.

एक खुलासा. वसईत फ्रॅकिंग येतंय असं मी अजिबात म्हणत नाहीये. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे, शेल नाही. भारतात ओएनजीसीने २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या दामोदर खोऱ्यात पहिल्यांदा शेल गॅस काढून दाखवला. २०१३ मध्ये सरकारी कंपन्यांसाठी धोरण आलं, २०१८ मध्ये खासगी कंपन्यांनाही वाट मोकळी झाली. प्रत्यक्षात गाडी फार पुढे गेलेली नाही. पण देशभरासाठी बंदी आहे का? नाही.

दुसरीकडे फ्रान्सने जुलै २०११ मध्ये कायदाच करून फ्रॅकिंग थांबवलं. २०१२ च्या जानेवारीत बल्गेरियाने तेच केलं.

दोन वेगळे दरवाजे

आता इथे एक घोळ सोडवू. आपण सगळ्यालाच ‘व्यापार करार’ म्हणतो. पण अशी बंदी दोन वेगळ्या दरवाज्यांतून अडचणीत येऊ शकते.

पहिला दरवाजा व्यापाराचा. जागतिक व्यापार संघटना, म्हणजे डब्ल्यूटीओ. तिथे भांडतात ते देश. कंपनीला थेट जाता येत नाही. आणि मुख्य नियम काय, तर दुसऱ्या देशाच्या मालात भेदभाव करू नका, आयात-निर्यात मनमानी अडवू नका. आता विचार करा, मी माझ्या अंगणात विहीर खणायला सगळ्यांनाच बंदी केली, देशी असो की परदेशी, तर मी कुणाचा माल अडवला? कुणाचाच नाही. म्हणून निव्वळ आपल्या जमिनीवरची फ्रॅकिंगबंदी या दरवाज्यात सहसा अडकत नाही.

अडकेल कधी? ‘फ्रॅकिंग करून काढलेला गॅस आम्ही विकतही घेणार नाही’ असं म्हटलं तर. कारण मग माल तोच, पण काढण्याच्या पद्धतीवरून आयात अडवली. असा एक खटला आपणच लढलोय! समुद्री कासवं वाचवणारी खास जाळी न वापरता पकडलेली कोळंबी अमेरिकेने बंद केली होती. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी तक्रार केली. १९९८ मध्ये निकाल आला. कासवं वाचवणं हे कारण वैध आहे, असं अपील मंडळाने मान्य केलं. पण अमेरिकेने नियम लावताना देशादेशांत भेदभाव केला, म्हणून ती हरली. पाचूबंदर, अर्नाळ्याच्या कोळ्यांशी ज्या कोळंबीचं रोजचं नातं, त्या कोळंबीने जगाला हा धडा दिला की पर्यावरणासाठी व्यापार अडवता येतो, पण सगळ्यांना एकच माप लावावं लागतं.

शिवाय डब्ल्यूटीओत हरलं तर सहसा नियम बदलायला सांगतात. मागच्या नुकसानीचा चेक फाडावा लागत नाही.

दुसरा दरवाजा गुंतवणुकीचा. खरी धग इथे आहे. दोन देश करार करतात की तुमच्या कंपन्यांनी आमच्याकडे पैसा लावला तर आम्ही त्यांना न्याय्य वागणूक देऊ, त्यांची मालमत्ता हिसकावून घेणार नाही. आणि वाद झाला तर कंपनी थेट सरकारला आंतरराष्ट्रीय लवादासमोर खेचू शकते. आपल्या कोर्टात नाही. बहुतेक वेळा तीन लवाद बसतात आणि पैशाचा निवाडा करतात. ते बंदी उठवा असं सहसा म्हणत नाहीत. बंदी ठेवा, पण भरपाई द्या, एवढंच म्हणतात.

म्हणजे ‘नको’ म्हणता येतं. पण त्याचं बिल येऊ शकतं. ते कधी येतं, हे समजायला आता वसईला उतरू.

वसईत झालेल्या दोन सह्या

वसईच्या किल्ल्यात तुम्ही प्री-वेडिंग शूट बघितलं असेल. पण वसईचं नाव जगाच्या इतिहासात दोन सह्यांमुळे गेलंय.

पहिली सही, २३ डिसेंबर १५३४. गुजरातचा सुलतान बहादूरशहा मोगल बादशहा हुमायूनच्या धास्तीत होता. त्याने पोर्तुगीजांशी तह केला. वसई आणि आजूबाजूचा प्रदेश, बेटं पोर्तुगीजांना मिळाली, मुंबईची बेटंही त्यातच. पण मला महत्त्वाची वाटतात ती इतर कलमं. गुजरातहून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईला यावं, इथून निघावं, परत येताना इथे जकात भरावी. पोर्तुगीजांचा परवाना असल्याशिवाय जहाज सोडू नये. आणि सुलतानाने आपल्या बंदरांत लढाऊ जहाजं बांधू नयेत. बघा, मुलूख गेला तो गेलाच, पण सोबत निर्णय घ्यायची मुभाही गेली. स्वतःच्या बंदरात काय बांधायचं हे सुद्धा दुसरा ठरवणार.

दुसरी सही, ३१ डिसेंबर १८०२. ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला होता. दुसरा बाजीराव कोकणात पळाला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईला आला. तिथे त्याने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. शाळेत आपण ‘तैनाती फौज’ एवढंच पाठ केलं. पण तपशील ऐका. किमान सहा हजारांचं कंपनीचं पायदळ कायमचं ठेवायचं. खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय देशाचा माणूस नोकरीत ठेवायचा नाही. कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणी करायची नाहीत. आणि निजाम, गायकवाड यांच्याशी पेशव्यांचे जे वाद होते, त्यात लवाद कोण? कंपनीच!

मे १८०३ मध्ये बाजीराव इंग्रज फौजेच्या सोबतीने परत पुण्याच्या गादीवर बसला. गादी मिळाली. पंधरा वर्षांनी, १८१८ मध्ये, तीही गेली. पण ‘नको’ म्हणायची ताकद गेली ती १८१८ ला नाही. ती गेली वसईत, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, एका कागदावर.

आता लगेच कमेंटमध्ये येऊ नका की आजचे करार आणि तैनाती फौज एकच आहेत का. नाहीत. बाजीरावाच्या मानेवर तलवार होती. आजची सरकारं टेबलावर बसून, हिशेब करून सही करतात आणि नोटीस देऊन बाहेरही पडू शकतात. मला साम्य दिसतं ते एकाच जागी. सहीच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष मिळणाऱ्या गोष्टीकडे असतं: गादी, संरक्षण, गुंतवणूक. काय सोडलं हे कळतं पुढे, जेव्हा पहिल्यांदा ‘नको’ म्हणायची वेळ येते.

गुहागरचा समुद्र

महाराष्ट्रावर ती वेळ आली दाभोळमध्ये. तुमच्यापैकी अनेकांचा तेव्हा जन्म झाला नसेल, पण घरात बाबांना किंवा काकांना ‘एन्रॉन’ एवढा एकच शब्द म्हणून बघा. अर्धा तास निश्चिंत.

१९९१ नंतर देश उघडला. विजेचा तुटवडा होता. जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीने राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार केला. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी वीज प्रकल्प. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या दोन अमेरिकन कंपन्या प्रत्येकी दहा टक्क्यांच्या भागीदार. कुठलीही स्पर्धात्मक निविदा नाही. जागतिक बँकेने १९९३ मध्ये या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला, हा व्यवहार परवडणारा नाही असं सांगून. तरी ८ डिसेंबर १९९३ ला वीज खरेदीचा करार झाला.

त्यातली मेख अशी. वीज घ्या किंवा नका घेऊ, क्षमतेचा ठरलेला आकार भरायचाच. हिशेब डॉलरशी बांधलेला. मंडळाने पैसे चुकवले तर राज्य सरकारची हमी, राज्याने चुकवले तर केंद्राची प्रतिहमी. घरभाडं, त्यावर सासऱ्यांची हमी, त्यावर गावाच्या सरपंचांची हमी, असं समजा. आणि घरात राहायला जा किंवा नका जाऊ, भाडं चालू.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायची भाषा गाजली. शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. मुंडे समितीने अहवाल दिला आणि ३ ऑगस्ट १९९५ ला सरकारने प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारने ‘नको’ म्हटलं!

मग? कंपनीने करारातल्या कलमाप्रमाणे लंडनमध्ये लवाद सुरू केला. तिकडे काम थांबलेलं, इकडे भरपाईचा आकडा डोक्यावर. राज्य सरकार मुंबई उच्च न्यायालयात गेलं. पण सोबत फेरवाटाघाटीही सुरू झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये नवा करार जाहीर झाला. प्रकल्प बुडाला नाही, उलट मोठा झाला. दोन्ही टप्पे मिळून २१८४ मेगावॅट. त्या वर्षी मे महिन्यात केंद्रात वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार होतं. त्या सरकारनेही जाता जाता नव्या कराराच्या प्रतिहमीला मंजुरी दिली.

आणि गावं? वेलदूर, अंजनवेल, रानवी इथल्या लोकांचा प्रश्न जमिनीचा, पाण्याचा, मासेमारीचा होता. ते रस्त्यावर उतरले. जून १९९७ मध्ये पोलिसांनी वेलदूरला पहाटे घरांत शिरून बायकांनाही मारहाण करत पकडून नेलं. ह्युमन राइट्स वॉच या संघटनेने १९९९ मध्ये यावर अख्खा अहवाल काढला. मला हे वाचताना सारखं वाटत होतं, खाडीवर ज्यांचं पोट होतं त्यांचा ‘नको’ कुठल्याच कागदावर नव्हता. कंपनीला लंडनचा लवाद होता, बँकांना हमी होती. वेलदूरच्या कोळणीला काय होतं?

१९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. रुपया घसरला, इंधन महागलं आणि २००० च्या शेवटाकडे मंडळाला दाभोळची वीज युनिटला सात रुपयांच्या वर पडू लागली. मंडळाने पैसे थांबवले. माधव गोडबोले समितीने एप्रिल २००१ मध्ये या व्यवहाराची चिरफाड केली. मेअखेर प्रकल्प बंद पडला. डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

वाटेल, संपलं. पण खरा धडा इथे सुरू होतो. अमेरिकेशी आपला गुंतवणूक संरक्षणाचा करार नव्हता. मात्र दाभोळमधला पैसा मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत आला होता आणि मॉरिशसशी भारताने १९९८ मध्ये असा करार केला होता. म्हणून जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल मॉरिशसच्या दरवाज्यातून आत आल्या. मागोमाग कर्ज देणाऱ्या बँका आपापल्या देशांचे करार घेऊन आल्या: ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया. वाद गुहागरचा, पण भारत एकाच वेळी कितीतरी लवादांसमोर उभा. २००५ मध्ये सगळं तडजोडीने, पैसे देऊन मिटवलं. प्रकल्प एनटीपीसी आणि गेल यांच्या नव्या कंपनीकडे गेला, रत्नागिरी गॅस अँड पॉवर.

दाभोळचा ‘नको’ पर्यावरणाच्या बंदीचा नव्हता, तो महागड्या व्यवहाराचा होता. हे मान्य. पण दरवाजा तोच. तेव्हा गुंतवणूक करार म्हणजे काय हे सामान्य माणसाला काय, अनेक राज्यकर्त्यांनाही पहिल्यांदा कळलं.

वाढवणचा ‘नको’

आता त्याच काळातली, आपल्याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट. तेव्हा पालघर वेगळा जिल्हा नव्हता, ठाण्यातच होतं. डहाणूजवळ वाढवणला पी अँड ओ ही परदेशी कंपनी मोठं बंदर बांधणार होती. राज्य सरकार अनुकूल होतं. पण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून आधीच जाहीर झालेला होता आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर १९९६ मध्ये तिथे एक प्राधिकरण बसलं होतं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली. सप्टेंबर १९९८ मध्ये या प्राधिकरणाने सांगितलं की हे बंदर इथे चालणार नाही.

आणि थांबलं! एक दगडही पडायच्या आधी. दाभोळसारखा लवादांचा फेरा त्यातून उभा राहिला नाही.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. वाढवण परत आलं, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली, २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. तो वाद आज आपण उघडत नाही. मला फक्त दोन ‘नको’ शेजारी ठेवायचे आहेत. एक परवानगीच्या पायरीवर, नियम आधीच लिहिलेला असताना. दुसरा सही, हमी आणि बांधकाम झाल्यावर. पहिला स्वस्तात पडला. दुसऱ्याचं बिल पिढीभर आलं.

क्युबेक आणि इटली

हा फरक फक्त आपला नाही. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात सेंट लॉरेन्स नावाची मोठी नदी आहे. तिच्या तळाखालचा शेल गॅस काढायचे परवाने लोन पाइन कंपनीकडे होते. लोकांचा विरोध वाढला आणि जून २०११ मध्ये प्रांताने कायदा करून नदीखालचे सगळे परवाने भरपाई न देता रद्द केले. कंपनीचा कारभार चालायचा कॅनडातून, पण नोंदणी अमेरिकेतल्या डेलावेअरची. म्हणून तिने अमेरिका-कॅनडा-मेक्सिको यांच्या नाफ्टा करारावर कॅनडाला लवादासमोर खेचलं. ओळखीचं वाटतंय ना? मॉरिशसच्या जागी डेलावेअर.

निकाल यायला नोव्हेंबर २०२२ उजाडलं. कंपनी हरली. लवादाने मान्य केलं की नदी जपण्यासाठी केलेला हा कायदा खऱ्या सार्वजनिक हेतूचा होता, तो एका कंपनीला टिपण्यासाठी केलेला नव्हता. म्हणजे ‘नको’ टिकला. पण एका नदीचा ‘नको’ सिद्ध करायला अकरा वर्षं गेली.

इटलीचं उलटं झालं. एड्रियाटिक समुद्रात किनाऱ्याजवळ तेल काढायचा ‘ओम्ब्रीना मारे’ नावाचा प्रकल्प होता, ब्रिटनच्या रॉकहॉपर कंपनीचा. तो फ्रॅकिंगचा नव्हता, पण वाद त्याच जातीचा. कंपनीची मंजुरीची वाट बरीच पुढे गेली होती. २०१५ च्या शेवटी इटलीने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांत तेल काढायला पुन्हा बंदी घातली आणि परवाना नाकारला. ऑगस्ट २०२२ मध्ये लवादाने इटलीला १९ कोटी युरो आणि वर व्याज द्यायला सांगितलं. गंमत म्हणजे इटली त्या ऊर्जा करारातून २०१६ च्या सुरुवातीलाच बाहेर पडली होती. पण करारात एक शेपूट असतं: बाहेर पडलात तरी जुन्या गुंतवणुकीला वीस वर्षं संरक्षण. २०२५ च्या जूनमध्ये तो निवाडा रद्द झाला, पण लवादाच्या रचनेशी संबंधित कारणावरून. इटलीची बंदी बरोबर होती असं त्याने ठरलं नाही.

आणि फ्रान्स? तिथे परवाने गेलेली अमेरिकन कंपनी देशाच्या घटना परिषदेकडे गेली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये हरली. विषय संपला. कारण फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात कंपनीला थेट लवादाकडे नेणारा गुंतवणूक करारच नव्हता. बंदी साधारण तशीच, पण मागचा कागद वेगळा. म्हणून शेवटही वेगळा.

आपण काय शिकलो

भारताला जाग यायला दाभोळनंतरही वेळ लागला. २०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने भारताविरुद्ध लवाद जिंकला. तक्रार काय, तर कोल इंडियाबरोबरच्या वादात आपल्या कोर्टांनी फार उशीर लावला. त्यासाठीचं सोयीचं कलम ऑस्ट्रेलियाच्या करारात नव्हतंच. ते कुवेतच्या करारातून उसनं आणलं, कारण ‘दुसऱ्याला दिलं ते आम्हालाही द्या’ अशी तरतूद होती. रक्कम तशी छोटी होती. भीती मोठी होती.

मग भारताने नमुना करार नव्याने लिहिला, तो २०१६ मध्ये लागू केला आणि पन्नासहून अधिक देशांना जुने करार संपवत असल्याच्या नोटिसा दिल्या. मॉरिशसचा करारही २०१७ मध्ये संपला. नव्या नमुन्यात काय? उसनं कलम आणता येणार नाही. आधी पाच वर्षं भारतीय कोर्टांत प्रयत्न करायचा. आणि मुख्य म्हणजे, आरोग्य किंवा पर्यावरण जपण्यासाठी, भेदभाव न करता केलेला नियम म्हणजे मालमत्ता हिसकावणं नव्हे, असं स्पष्ट लिहिलं.

पण शेपूट आपल्यालाही आहे. अनेक जुन्या करारांत जुन्या गुंतवणुकीला दहा-पंधरा वर्षांचं संरक्षण राहतं. शिवाय वारं परत फिरतंय. यूएईबरोबरच्या २०२४ च्या करारात ती पाच वर्षं तीनवर आली. आणि फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात सांगितलं गेलं की नमुना करार गुंतवणूकदारांना अधिक सोयीचा करणार आहोत.

यात सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही. परदेशी पैसा लागतो, आणि पैसा लावणाऱ्यालाही विश्वास लागतोच. आपली कोर्टं किती वेळ लावतात हे आपल्यालाही माहीत आहे. प्रश्न एवढाच की विश्वास देताना आपण काय सोडतोय हे कुणी मोठ्याने वाचतंय का.

मग उत्तर काय?

तर नालासोपाऱ्याच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

हो, भारत फ्रॅकिंगवर बंदी घालू शकतो. डब्ल्यूटीओत ती सहसा अडणार नाही, फक्त देशी-परदेशी सगळ्यांना सारखी लावायला हवी. आणि कंपनी केस करू शकते का? ते तीन गोष्टींवर ठरेल. तिने पैसा कुठल्या देशातून आणला आणि त्या देशाशी आपला कोणता करार आहे. बंदी आधी आली की परवाना आधी दिला. आणि बंदीमागे अभ्यास आहे की फक्त निवडणुकीचं भाषण.

आज भारतात फ्रॅकिंग जवळजवळ नाही. म्हणजे आपण अजून वाढवणच्या १९९८ मध्ये उभे आहोत, दाभोळच्या २००१ मध्ये नाही. ज्यांना बंदी हवी त्यांनी ती आता मागावी. ज्यांना नको त्यांनीही नियम आताच लिहून मागावेत. परवाने वाटून झाल्यावर दोघांनाही उशीर झालेला असेल.

पुढच्या वेळी बातमी येईल की अमुक देशाशी करार झाला, एवढे अब्ज डॉलर येणार. तेव्हा एक काम करा. आकडा बाजूला ठेवा आणि विचारा: यात ‘नको’ म्हणायची जागा कुठे ठेवलीय? कुठल्या पानावर?

आणि रविवारी वेळ असेल तर किल्ल्यात जा. रील बनवा, हरकत नाही. पण एक मिनिट थांबून आठवा की या गावात कधीतरी एक माणूस आपली गादी वाचवायला आला होता, त्याने सही केली, आणि त्यानंतर त्याला कुणाशीही स्वतःहून बोलायची मुभा राहिली नाही.

भेटूया पुढच्या भागात. प्रश्न पाठवत राहा.